जेवलास का नव्हे, काय जेवलास

प्रिय अन्विता आणि नील,

अन्विता, परवा व्हिडिओवर बोलताना तू कुरकुरत होतीस. नव्या नोकरीत तुला कुणी डोकं लागेल असं काम देत नाही, नुसते लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक लावायला बसवलंय, असं म्हणालीस. मी हसले, तर नील म्हणाला, "आजी, तुला त्यातलं काय कळलं?" फोन ठेवल्यावर मी ठरवलं की याचं उत्तर लिहूनच द्यायचं. मला त्यातलं एवढंच कळतं, जेवढं बाहुबली अण्णांनी कळवलं. पण तेवढं पक्कं कळलंय, आणि ते तुम्हाला माझ्याखेरीज दुसरं कुणी सांगणार नाही.

तुम्हाला माहीत आहे, निवृत्त होईपर्यंत मी बेळगावातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात रेकॉर्ड विभाग सांभाळत होते. रुग्णांचे कागद, त्यांचे क्रमांक, कपाटं, किल्ल्या. माझ्या कपाटातला कागद सापडला नाही असं कधी झालं नाही, हे मी थोड्या अभिमानानं सांगते. पुढे हॉस्पिटलानं सगळं संगणकावर घ्यायचं ठरवलं आणि ते काम बघायला अण्णा आले.

नाव बाहुबली, आणि देह असा की सदऱ्यात अजून एक माणूस मावला असता. पहिल्याच दिवशी आमच्या शकुंतला सिस्टरनी त्यांना विचारलं, "बाहुबली कोण? तुमच्या मागनं येणार आहेत काय?"

"मीच की वो," अण्णा म्हणाले. "आईनं नाव आदी ठेवलं, बगितलं नंतर."

ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले, जैन शेतकरी घरातले. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीत वायरमन म्हणून लागले, तिथं यंत्रांना जोडलेले संगणक दुरुस्त करता करता त्यातलंच शिकत गेले. पुस्तकं इंग्रजीतून वाचायचे, समजून कन्नडमधून घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे मराठीतून. सूर्य मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. त्यामुळे रोज साडेपाचच्या सुमारास ते जनरेटरजवळच्या पायरीवर डबा उघडून बसत. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारत नसे. सुपरिंटेंडंट डॉक्टरसुद्धा नाही.

त्यांची एक सवय सगळ्यांना वैताग आणायची. फोनवर कुणी "बंद पडलंय" म्हणालं की ते कधी "आलो" म्हणत नसत. म्हणायचे, "काय दिसालंय? वाचून दाखवा." एकदा एक मोठे सर्जन त्यांच्यावर खेकसले, "अहो, काही दिसत नाहीये!"

"काहीच न्हाय?"

"काळं आहे सगळं!"

"सायेब, खाली उजव्या अंगाला एक बटण हाय. त्याच्यात लाइट हाय का?"

पलीकडे बटण दाबल्याचा खट आवाज आला. मग सर्जनांनी फोन ठेवला. अण्णांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली ती त्या सर्जनांच्या नर्सनं.

माझं आणि त्यांचं सुरुवातीला पटत नसे. मी संगणकावर घेतलेल्या प्रत्येक नोंदीची कागदी प्रत ठेवत असे. ते माझ्या दारात उभे राहून कपाटांकडे बघत म्हणायचे, "बाई, ह्यातल्या झुरळांचंबी केसपेपर काढलेसा काय?" मी म्हणायचे, "काढलेत. तुमच्या मशीनसारखी ती वीज गेल्यावर गप्प बसत नाहीत." हे असं चालायचं. पण हळूहळू एकेक कागद बंद होत गेला. शेवटी राहिल्या त्या गुलाबी चिठ्ठ्या. एखाद्या रुग्णाला एखादं औषध सोसत नसेल तर आम्ही फायलीवर गुलाबी चिठ्ठी डकवत असू. संगणकाच्या पडद्यावर तेच तांबड्या अक्षरांत येऊ लागलं, तेव्हा त्या चिठ्ठ्याही थांबवायचं ठरलं. त्या ठरावाच्या कागदावर माझी सही आहे.

आता नील, तुझ्यासाठी सांगते. सगळी माहिती एका जागी साठवलेली असते, तिला अण्णा कोठार म्हणायचे. त्या कोठारातून माहिती आणून पडद्यावर दाखवणारे तीन सर्व्हर होते. कोणत्या खिडकीचं काम कोणत्या सर्व्हरला द्यायचं हे ठरवणारा तो लोड बॅलन्सर. अण्णांच्या भाषेत तो मुकादम. फाउंड्रीत मुकादम सकाळी हजेरी घेतो, कामं वाटून देतो, कुणी आजारी असला तर त्याला बाजूला बसवतो. हाही तसाच. फक्त हा हजेरी दर दहा सेकंदांनी घेतो. सर्व्हरला विचारतो, ठीक आहेस ना? सर्व्हर म्हणतो, ठीक आहे. तोच हेल्थ चेक. अण्णांच्या टेबलावर तीन हिरवे ठिपके दाखवणारा पडदा होता. जाता-येता ते त्याच्याकडे असे बघत, जसे आपण चुलीवरच्या दुधाकडे बघतो.

एका मंगळवारी सकाळी निपाणीकडची एक बाई पायाला चिघळलेली जखम घेऊन आली. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. शकुंतला सिस्टरनी पडद्यावर तिचं पान उघडलं. औषधांच्या त्रासाच्या रकान्यात लिहिलं होतं, नोंद नाही. सुई भरून झाली. सिस्टर जुन्या वळणाच्या. पडद्यानं सांगितलं तरी तोंडानं विचारायच्याच.

"आक्का, आदी कुठल्या सुईनं तरास झालता काय?"

"झालता की! हितंच झालता. जीव नुसता घुसमटला. तवा तुमीच न्हाय का लिवून घेतलं?"

सिस्टरनी सुई खाली ठेवली. मग त्या माझ्याकडे आल्या. आल्या म्हणजे जवळजवळ पळत आल्या. मी जुन्या कपाटातली फाइल काढली. वर गुलाबी चिठ्ठी होती. तेच औषध.

त्या बाईला दुसरं औषध दिलं, ती दुपारच्या गाडीनं घरी गेली. तिला काहीही झालं नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मला जे झालं ते तुम्हाला व्हायला नको. मी माझ्या खुर्चीत बसून राहिले. माझी सही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुपारपर्यंत अण्णांनी अर्धं कोडं सोडवलं. दोन नंबरच्या सर्व्हरचा कोठाराशी संबंध तुटला होता. त्याला माहिती मिळत नव्हती, म्हणून तो रिकामं पान दाखवत होता, आणि रिकाम्या पानाचा अर्थ पडद्यावर 'नोंद नाही' असा उमटत होता. पण तीन ठिपके हिरवेच होते. आणखी वाईट म्हणजे, मुकादम सगळ्यात जास्त काम त्याच दोन नंबरला देत होता. कारण मुकादमाचा नियम होता, जो लवकर मोकळा होईल त्याला पुढचं काम. आणि ज्याला काही आणायचंच नाही तो सगळ्यात आधी मोकळा.

सुपरिंटेंडंटनी संध्याकाळी बैठक घेतली. ते रागावले नाहीत, ते जास्त कठीण होतं. म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत मला दाखवा की हे परत होणार नाही. नुसतं सांगू नका, दाखवा. नाहीतर संगणक बंद. आपण कागदावर परत जाऊ."

कागदावर परत जाणं मला एरवी आवडलं असतं. पण आता निपाणीला आणि मच्छे गावी आमचे दवाखाने निघाले होते, आणि तिथल्या रुग्णांची माहिती फक्त संगणकातच होती. कागद केले तरी ते बेळगावच्या कपाटात आणि रुग्ण निपाणीत, तर कुठलं औषध सोसत नाही हे त्याला विचारणार कोण? प्रत्येक जागी काही शकुंतला सिस्टर नसतात.

बैठक सुटली तेव्हा बाहेर अंधारत आलं होतं. आम्ही जिना उतरत होतो. खालून स्वयंपाकघरातल्या गंगव्वा वर येत होत्या. त्यांनी इथल्या रीतीप्रमाणे अण्णांना विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का?

"आत्री," अण्णा म्हणाले. झालं.

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. हातातला डबा त्यांनी वर उचलून बघितला. तो जड होता, सकाळी घरून आणला तसाच.

"बाई," ते म्हणाले, "मी आत्ता खोटं बोललो."

"अहो, असं कुणी मनावर घेतं का? विचारायची पद्धत, सांगायची पद्धत."

"तेच म्हणतोय मी! पद्धत!" ते जिन्यात खालीच बसले. "गंगव्वांनी इच्यारलं, तोंड आपोआप झालं म्हणालं. पोटाला कुणी इच्यारलंच न्हाय. बाई, मी मुकादमाला हेच शिकवून ठेवलंय. तो इच्यारतो, जेवलास का? दोन नंबर म्हणतो, जेवलो. उपाशी हाय, पर रीत सोडत न्हाय!"

मला माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या मिस आठवल्या. 'हाउ डू यू डू' असं कुणी म्हटलं की आपली तब्येत सांगायची नसते, उलट तेच वाक्य म्हणायचं असतं, असं त्यांनी आम्हाला घोटून घेतलं होतं. मी ते अण्णांना सांगितलं.

"म्हंजे सायबाचंबी तसंच हाय तर," ते म्हणाले, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा जरा हसले. "आता असं इच्यारायचं की पोटात गेल्याबिगर सांगताच येऊ नये. जेवलास का नव्हे. काय जेवलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी उभे. त्यांना कोठारात एक नोंद हवी होती. मुकादम प्रत्येक सर्व्हरला सांगणार, अमक्याचा रक्तगट कोठारातून आणून दाखव. बरोबर आणला तरच हिरवा. त्यासाठी एक खोटा रुग्ण घालून द्या, असं त्यांचं म्हणणं.

"माझ्या रजिस्टरात खोटं नाव जाणार नाही," मी म्हटलं.

"अवो, नुसतं नावाला."

"नावालाच तर रजिस्टर असतं."

त्यांनी डोकं खाजवलं. मग खिशातून स्वतःचं हॉस्पिटलचं पेशंट-कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "मग त्याला माझंच इच्यारू दे. मी हाय की खरा. बी पॉझिटिव्ह."

त्यांच्याकडून मी तसं लिहून घेतलं, तारीख घालून.

रविवारी सकाळी ओपीडी बंद असताना आम्ही करून बघितलं. आणि सगळं कोसळलं. म्हणजे नवा प्रश्न सुरू करून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तिन्ही ठिपके एकदम तांबडे. मुकादमानं तिघांनाही घरी बसवलं आणि मोकळ्या अंगणात एकटाच उभा राहिला. झालं होतं असं की रविवारी त्याच वेळी कोठारातल्या माहितीची नक्कल काढली जाते, त्यामुळे कोठार जरा हळू चाललं होतं. तिघांनाही उत्तर आणायला उशीर झाला, आणि अण्णांनी एका चुकीला बाहेर असा नियम घातला होता.

मला वाटलं, संपलं. अण्णा मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. "लई कडक झालो मी. घाबरल्यावर मानूस कडकच होतो." ते मोठ्यानं बोलत बोलत टंकू लागले. एकदा हाक मारली, ओ आली नाही, म्हणून कुणाला मेला म्हणत नाहीत. तीनदा मारायची. उत्तराला तीन सेकंद द्यायचे, एक नाही. बरा होऊन परत आला तर ओळीनं दोनदा बरोबर सांगितल्यावरच कामाला लावायचा, आजारातनं उठल्या उठल्या कुणी भट्टीपुढं उभा राहतो का? आणि तिघंही एकदम उपाशी म्हणाले तर दोष त्यांचा नाही, कोठाराचा आहे. तेव्हा त्यांना घरी पाठवायचं नाही. त्यांनी पडद्यावर स्पष्ट सांगायचं.

"काय सांगायचं?" मी विचारलं.

"ते तुमी लिवा. तुमचं इंग्लिश, मराठी चांगलं हाय."

मी लिहिलं: माहिती मिळत नाही. रुग्णाला विचारा. खाली कन्नडमध्ये गंगव्वांच्या मुलीकडून लिहून घेतलं. 'नोंद नाही' हे शब्द आता खरोखर कोठारात जाऊन बघितल्याशिवाय कुणालाच दाखवता येणार नव्हते.

सोमवार आला. साडेअकराची वेळ अण्णांनी मुद्दाम मागून घेतली, कारण त्या वेळी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या खिडक्यांवर सांगून ठेवलं होतं की तांबडी ओळ दिसली तर थांबायचं, रुग्णाला विचारायचं, कागद मागवायचा. सिस्टर चार नंबरच्या खिडकीवर, मी त्यांच्या मागं घड्याळ आणि वही घेऊन, फोन कानाला. वर सर्व्हरच्या खोलीत सुपरिंटेंडंट आणि अण्णा. फोनमधून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"वायर काढा, अण्णा."

"मी न्हाय. तुमी काढा, सर. मी काढली तर म्हणाल, ह्यानं आदीच सांगून ठेवलंय."

"कोणती?"

"दोन नंबरची निळी. कोठाराकडं जाणारी. जोरात वढा."

मी वेळ लिहून घेतली. चार नंबरवर त्या क्षणी मच्छे गावचे एक आजोबा होते. सिस्टरनी त्यांचं पान उघडलं. पान रिकामं नव्हतं. तांबडी ओळ आली: माहिती मिळत नाही. रुग्णाला विचारा.

"आजोबा, कुठल्या औषधानं तरास हुतो काय?"

"तरास म्हातारीचा हुतो. औषधाचा न्हाय."

ओळीतली माणसं हसली. सिस्टरनी पुन्हा पान उघडलं. पुन्हा तांबडी ओळ. घड्याळाचा काटा मी डोळ्यांनी ढकलत होते. वीस सेकंद. पंचवीस. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा आजोबांचं पान आलं, पूर्ण, त्यांच्या तीन वर्षांच्या रक्तदाबासकट. त्यानंतर पुढची माणसं, आणि पुढची. मी बाकीच्या खिडक्यांवर फिरून आले. सगळीकडे भरलेली पानं. दोन नंबरला मुकादमानं बाजूला बसवलं होतं आणि उरलेले दोघं ओपीडी ओढत होते.

"बाई, झालं का?" फोनमध्ये सुपरिंटेंडंट विचारत होते.

मी उत्तर द्यायच्या आत सिस्टर मागून ओरडल्या, "नुसतं झालं म्हणू नका बाई, काय झालं ते सांगा!"

मग मी वहीतून वाचून दाखवलं. अठ्ठावीस सेकंद, चार नंबरवर दोन तांबड्या ओळी, एकही रिकामं पान नाही. मग सुपरिंटेंडंट म्हणाले, "अण्णा, वायर परत लावा. आणि चहा सांगा सगळ्यांना." मी खुर्चीत बसले, आणि त्या मंगळवारपासून खांद्यांत धरून राहिलेलं काहीतरी सुटलं. तुम्हाला सांगते, मी तिथं, ओपीडीच्या गर्दीत, पाच मिनिटं चक्क डोळे मिटून बसले होते.

गुलाबी चिठ्ठ्या मात्र मी पुन्हा सुरू केल्या. अण्णांनी त्यावर एकदाही चेष्टा केली नाही.

ते माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाले आणि गावी शेतावर राहायला गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. हॉस्पिटलानं आपले सर्व्हर काढून सगळं काम दूरच्या शहरातल्या भाड्याच्या मशीनवर न्यायचं ठरवलं होतं. ते काम करायला आलेल्या इंजिनियर बाई तिशीच्या, हुशार, बोलायला गोड. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. बातमी कानावर गेली तसे ते सकाळच्या बसनं आले, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या इंजिनियर बाईंच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले.

"मॅडम, नव्या मुकादमाला काय इच्यारायला लावलंय?"

बाईंना आधी कळलंच नाही. मी मध्ये पडून हेल्थ चेक म्हणाले. "हो, तो आहे ना सर," त्या म्हणाल्या. "सर्व्हर चालू आहे का, ते तो बघतो. आपोआप आहे."

अण्णांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. म्हणजे पुन्हा जेवलास का. पण त्यांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून घेतली आणि त्यांना निपाणीकडच्या त्या रुग्णाची गोष्ट सांगितली, भरलेल्या सुईपासून. इंजिनियर बाईंचे हात कीबोर्डवरून बाजूला झाले होते. गोष्ट संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सर, इथं बसा. आत्ताच बदलू."

तासाभरानं अण्णांनी पडद्यावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दहा सेकंद. तीन सेकंद थांबणं. तीन चुका, बाहेर. दोन बरोबर, आत. तिन्ही नव्या सर्व्हरनी उत्तर दिलेलं त्यांनी बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. "माझ्या नावाच्या जागी दुसरं घाला वाटलं तर," ते म्हणाले, "फक्त नोंद खरी असू दे, ह्या बाई खोटी चालवून घेत न्हाईत." मग त्यांनी पिशवी उचलली, कारण चारची गाडी गाठली तर ते सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी पोचणार होते. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी त्यांनी एका रिक्षावाल्याला थांबवलं, त्याच्याशी काहीतरी बोलून हसले, आणि वाकून आत बसले.

हे लिहायच्या आधी मी काल हॉस्पिटलात फोन केला आणि काय चालू आहे ते वाचून दाखवायला सांगितलं. मशीन त्यानंतर एकदा बदलली आहेत. इमारतीत त्यांतलं एकही नाही. प्रश्न तोच आहे. दर दहा सेकंदांनी तीन सर्व्हर कोठारात जातात, बाहुबली अण्णांची नोंद काढतात आणि सांगतात, बी पॉझिटिव्ह.